पोत्यांची नोंद, पावलांची नाही

नागपूरच्या कळमना बाजार आवारात धान्य, मिरची, संत्री यांची आवक किती झाली आणि भाव काय निघाला, याची नोंद होते. वर्तमानपत्रे ती छापतात. या बाजाराच्या परिसरात मालमोटारींच्या कडेकडेने मुले शाळेची वाट चालतात. त्यांतली पायी किती, सायकलवर किती, ऑटोरिक्षात दाटीने बसून किती, हा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही.

२०११ च्या जनगणनेने कामावर जाणाऱ्यांना अंतर व प्रवासाचे साधन विचारले. विद्यार्थ्यांसाठी तो प्रश्न नव्हता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने (२०१७-१८) ही उणीव काही अंशी भरून काढली. देशातील सुमारे ६० टक्के विद्यार्थी पायी शाळेत जातात, असे तीत आढळले. परंतु अशी पाहणी देशाचे चित्र दाखविते. कळमन्यातील कोणत्या चौकात मुले खोळंबतात, हे तिला सांगता येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे ठरविले. अंतर मोजले गेले, वाट मोजली गेली नाही. एका किलोमीटरात रेल्वेमार्ग किंवा मालमोटारींचा रस्ता आडवा आला, तर ती शाळा जवळची कशी म्हणावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यांवरील अपघात हेच आहे.

स्कॉटलंडमध्ये २००८ पासून दर सप्टेंबरात वर्गावर्गांतून मुलांना हात वर करण्यास सांगून ही मोजणी होते. तीस यंत्र लागत नाही. शिक्षकांच्या माथी आणखी एक तक्ता कशाला, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही मोजणी वर्षातून एकदा, हजेरीच्या वेळी व्हावी. बेरजा आणि टक्केवारी गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनीच कराव्यात. जाण्याचे व येण्याचे साधन मात्र वेगवेगळे विचारावे; सकाळी वडिलांच्या सायकलवर आलेले मूल दुपारी एकटेच चालत परतते. वरच्या वर्गांनी रस्ता ओलांडण्याच्या जागाही नकाशावर दाखवाव्यात.

हे आकडे महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे गेले, तर पदपथ कोठे हवा, शाळेच्या वेळी मालमोटारी कोठे थोपवाव्यात, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. पोत्याचे वजन चुकले तर बाजारात तंटा होतो. मुलांच्या वाटेविषयी निदान विचारपूस तरी व्हावी.