काचेवरचा ओरखडा

(माशांच्या काचपेटीवर ओरखडे का पडतात, त्यांपैकी कोणते निरुपद्रवी असतात व कोणते धोक्याचे, हे या पाठात सांगितले आहे.)

तुमच्यापैकी काहींच्या घरी रंगीत माशांची काचपेटी असेल. काहींनी ती एखाद्या दवाखान्यात किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील दुकानात पाहिली असेल. नवी पेटी किती स्वच्छ दिसते! मासे जणू हवेतच तरंगत आहेत असे वाटते. पण वर्ष-दोन वर्षांनी तीच काच न्याहाळून पाहा. तिच्यावर बारीक रेघा दिसू लागतात. या रेघा कोठून येतात? त्या घालवता येतात का? आणि त्यांच्यापासून काही धोका असतो का?

काच आपल्याला फार कठीण वाटते. पण तिच्यापेक्षा कठीण वस्तूही आहेत. फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांना कठीणपणानुसार १ ते १० असे क्रमांक दिले. सर्वांत मऊ शंखजिरे १ वर आणि सर्वांत कठीण हिरा १० वर. या मापाने आपले नख सुमारे अडीच, काच सुमारे साडेपाच आणि गारगोटी ७ भरते. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा काढते. म्हणून नखाने काचेवर रेघ उमटत नाही. पण वाळूच्या कणाने उमटते, कारण वाळूचे बहुतेक कण गारगोटीचेच असतात.

आता पेटी साफ करताना काय होते ते पाहा. काचेवरचे शेवाळ काढण्यासाठी आपण स्पंज फिरवतो. स्पंज तळापर्यंत जातो, वाळूचा एखादा कण त्याला चिकटतो आणि आपण तोच स्पंज जोराने वर-खाली घासतो. चुंबकाच्या घासणीतही कण अडकला की असेच होते. म्हणजे बहुतेक ओरखडे काच साफ करणाऱ्या हातांनीच पडतात!

काचेवर दिसणारी प्रत्येक पांढरी खूण ओरखडा असतेच असे नाही. पाणी आटते तेथे क्षारांचे डाग राहतात. फडक्यावर थोडे व्हिनेगर, म्हणजे सिरका, घेऊन ती जागा पुसा. खूण आतल्या बाजूला असेल तर आधी पाण्याची पातळी खाली आणा आणि नंतर काच ओल्या फडक्याने पुसून घ्या. खूण गेली तर तो डाग होता. राहिली तर ओरखडा आहे असे समजा.

मग त्या रेघेवरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा आहे. असा ओरखडा आतल्या बाजूला असेल तर त्याची चिंता करू नका. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाशकिरण जास्त वाकतात. काच आणि पाणी यांच्या सीमेवर ते कमी वाकतात. त्यामुळे ओरखड्यात पाणी भरले की तो फिका दिसतो. जुनी पेटी विकत घेताना ही गोष्ट उपयोगी पडते. कोरड्या पेटीत आतून दिसणाऱ्या कितीतरी रेघा पाणी भरल्यावर जवळजवळ दिसेनाशा होतात. बाहेरच्या रेघा मात्र तशाच राहतात.

वरवरचा ओरखडा घालवायचाच असेल तर सेरियम ऑक्साइड नावाची पूड वापरतात. चष्म्याच्या भिंगांना झिलई देण्यासाठीही ही पूड वापरली जाते. ती पाण्यात कालवून नमद्याच्या तुकड्याने काचेवर गोल गोल घासावी लागते. काच सतत ओली ठेवावी; कोरडी घासली तर ती तापून तडकू शकते. हे काम मोठ्या माणसांच्या मदतीने आणि पेटी रिकामी करूनच करावे. पूड पाण्यात जाऊ देऊ नये. मासे पेटीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवावेत. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरीन त्यांना घातक असते.

दात घासण्याच्या पेस्टने ओरखडे जातात असे काहीजण सांगतात. अनेक पेस्टमध्ये खडूसारखी पूड असते. तिचा कठीणपणा सुमारे ३. काचेपेक्षा मऊ असलेली पूड काच झिजवणार कशी? तिने डाग जातील, ओरखडे जाणार नाहीत.

नख किंचित अडकत असेल तर काच घासत बसू नका. तेवढी काच झिजवली की तेथे खळगा पडतो आणि त्यातून मासे वेडेवाकडे दिसतात.

पण नख चांगलेच रुतत असेल, ओरखडा काचेच्या कडेपर्यंत गेला असेल किंवा तेथून तडा निघाला असेल, तर सावध व्हा. काच कापणारा कारागीर काय करतो, आठवा. तो हिरकणीने काचेवर फक्त एक रेघ ओढतो आणि हलकेच दाब देतो. काच नेमकी त्या रेघेवर तुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे कारण मांडले. काचेवर ताण आला की तो बारीक चिरेच्या टोकाशी एकवटतो. आपल्या पेटीत हा ताण पाणीच देत असते. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर, म्हणजे सुमारे ५४ किलो पाणी मावते. त्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो. म्हणून खोल ओरखडा खालच्या भागात असेल तर पाणी काढून घ्या, मासे सुरक्षित ठेवा आणि जाणकार कारागिराकडून काच बदलून घ्या.

मोठ्या मत्स्यालयांत काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकही वापरतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे २०१५ साली नूतनीकरण झाले, तेव्हा तेथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा बसवला होता. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात. पण काचेपेक्षा ते घासून गुळगुळीत करणे सोपे असते.

ओरखडे पडूच नयेत म्हणून तीन गोष्टी पाळा. स्पंज दर वेळी आधी धुऊन घ्या. तो वाळूपासून दोन बोटे वरच थांबवा. शेवाळ वाळून घट्ट होण्याआधी, दर आठवड्याला काच पुसा. साबण मात्र कधीही वापरू नका. तो माशांच्या जिवावर बेततो.

शब्दार्थ
न्याहाळणे – बारकाईने पाहणे. झिलई – चकाकी. नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड. हिरकणी – काच कापण्याचे, हिऱ्याचा कण बसवलेले हत्यार. एकवटणे – एका ठिकाणी गोळा होणे.

स्वाध्याय
१. वाळूच्या कणाने काचेवर ओरखडा का पडतो?
२. डाग आणि ओरखडा यांतील फरक कसा ओळखाल?
३. कारणे द्या : खोल ओरखडा पडलेली काच बदलावी लागते.
४. ‘जिवावर बेतणे’ हा वाक्प्रचार वापरून वाक्य तयार करा.