भोपाळचा ४६२००१ : मूळ संख्या की नुसता भास?

भोपाळच्या जनरल पोस्ट ऑफिसचा पिन कोड ४६२००१. पत्ता लिहिताना त्याच्याकडे कोण बघतो! पण आकड्यांची खोड असलेला माणूस अडकतो. २ ने भागा, बाकी १. ३, ५, ७, ११ ने भागा, दर वेळी बाकी १ च.

याचं मूळ पिनच्या घडणीत आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत नाटककार. पहिले तीन अंक टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. ४६२ म्हणजे २ × ३ × ७ × ११. पुढच्या हजारानं ५ आणला, आणि शेवटच्या ००१ नं ती हट्टी बाकी.

मग ही मूळ संख्याच, असं वाटतं. युक्लिडची सिद्धता अर्धीच लक्षात राहिली की हमखास वाटतं. पण मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्याच येते, असं युक्लिड म्हणतच नाही. येणाऱ्या संख्येचे मूळ अवयव त्या यादीबाहेरचे असतात, एवढंच त्याचं म्हणणं. १३, १७, १९ नं भाग जात नाही आणि २३ ला गाठ सुटते: ४६२००१ = २३ × ५३ × ३७९. तिन्ही ११ च्या पलीकडचे.

अशा तपासणीला लाखभर भागाकार लागतात, हाही बागुलबुवाच. ६८० चा वर्ग ४६२४००, म्हणजे या संख्येच्या पुढे. त्यामुळे ६७९ पर्यंतच्या १२३ मूळ संख्या पुरतात. इथं तर नवव्या संख्येलाच काम झालं.

अंकांची बेरीज १३ म्हणून कोणी नाक मुरडेल. ती बेरीज इतकंच सांगते, की ९ नं भागल्यावर बाकी ४ उरेल. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो, तिला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ‘हर्षद’ म्हणत. ४६२००१ हर्षद नाही, १३ नं भागून बाकी ७ उरते. शेजारची ४६२००० मात्र हर्षद: बेरीज १२, भागाकार ३८५००.

कापरेकरांचं नाव निघालं की ६१७४ आलाच. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसले तर चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. कोणतीही संख्या अशीच कुठंतरी थांबते, हा समज भोपाळचा पिन मोडून काढतो. ६४२१०० मधून १२४६ गेले, ६४०८५४ उरले. तिथून ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या पायरीला ४२०८७६. आता स्थिरावेल म्हणता म्हणता ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि चौदाव्या पायरीला परत ४२०८७६.