सातवी जोडी

चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळले आणि बनियनवर सांडले. 2022 च्या सप्टेंबरातली ती सकाळ. झोप अजून पुरती उतरली नसावी असे समजून पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिले तर चेहऱ्याचा डावा भाग छद्मी हसल्यासारखा वर ओढला गेला होता आणि उजवा भाग इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, एकही सुरकुती नसलेला. साठी उलटलेल्या माणसाला एवढा गुळगुळीत गाल शोभत नाही.

चहा घेऊन आलेल्या पत्नीने एकदाच पाहिले, कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. “वारं लागलं असेल, तिळाच्या तेलानं शेका,” असा सल्ला त्यांनी दिला. आयुर्वेदात या विकाराला ‘अर्दित’ म्हणतात आणि तो वाताच्या खात्यात मोडतो; तेव्हा आजी परंपरेला धरूनच बोलत होत्या. पण आम्हा दोघांच्या मनात एकच शब्द होता आणि रिक्षात बसेपर्यंत तो कुणी उच्चारला नाही. पक्षाघात.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने हातपाय उचलायला लावले, नाव-गाव विचारले, आणि मग म्हणाली, “काका, कपाळाला आठ्या घाला.” कर्जखात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मी घातल्या. डाव्या बाजूला पडल्या, उजवीकडे कपाळ कोरे. “आता डोळे गच्च मिटा.” डावा मिटला, उजवा उघडाच राहिला आणि बुबुळ तेवढे वर सरकले. मला ते दिसले नाही, पत्नीला दिसले. ती भिंतीकडे वळली. डॉक्टरांचा चेहरा मात्र सैलावला.

आठ्यांचे गणित तिने नंतर समजावले. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतात. एका अर्धात झटका आला, तरी दुसरा कपाळ सांभाळतो. गाल आणि ओठ लुळे पडतात, आठ्या शाबूत राहतात. पण मेंदूतून बाहेर पडलेली तारच पुढे कुठे दबली असेल, तर कपाळासकट सगळी बाजू जाते. माझी आठी गेली होती म्हणून मेंदू वाचला होता! (ही परीक्षा घरी आरशापुढे घेऊ नये, असे तिने बजावले होते. तोंड वाकडे झाले की आधी इस्पितळ गाठायचे.)

तरीही तिने सगळे मज्जातंतू तपासले. मेंदूतून थेट निघून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या या तंतूंच्या बारा जोड्या असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना करोटी चेता म्हणतात. तिची ती दहा मिनिटांची तपासणी पाहताना मला बँकेतले इन्स्पेक्शन आठवले आणि गंमत म्हणजे आपले वाक्प्रचारही. डोळे फिरवायला लावले, ते काम तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या जोडीचे. डोळे वटारायचे झाले तर पापणी वर उचलते ती तिसरीच. दातओठ खायला लावले, त्यात दात पाचवीच्या वाट्याचे आणि ओठ सातवीच्या. कानाजवळ बोटे चोळली, ती आठवी. आवंढा गिळायला लावला, तिथे नववी आणि दहावी. खांदे उडवणे अकरावीकडे, जीभ बाहेर काढणे बारावीकडे. दृष्टीची दुसरी जोडी तिने दुरून बोटे दाखवून उरकली. वासाची पहिली तपासलीच नाही. ती बहुधा राहूनच जाते म्हणे. 2020 मध्ये कोविडने वास नेल्यावर फोडणी करपल्याचे ज्यांना कळेना, त्यांना मात्र तिचे मोल चांगलेच कळले.

यातली दहावी मोठी भटकी. कवटीतून निघते ती गळा, हृदय, फुप्फुसे करत पोटापर्यंत उतरते. तिची आवाजाकडे जाणारी डावी शाखा तर छातीत महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर गळ्याशी येते, म्हणून छातीतल्या आजाराने कधीकधी आवाज बसतो. तिच्यावर एक कादंबरी होईल. पण माझे खाते सातवीत होते.

ही मोजदाद माणसाला लगेच जमलेली नाही. दुसऱ्या शतकातल्या गेलनने सात जोड्या मोजल्या. 1664 मध्ये थॉमस विलिसने मेंदूवर मोठा ग्रंथ लिहिला, पण चेहऱ्याचा आणि ऐकण्याचा तंतू त्याने एकाच जोडीत धरला. चूक समजण्यासारखी आहे. दोघे कवटीच्या एकाच बोगद्यात शेजारी-शेजारी शिरतात. बाराचा हिशेब लावला तो जर्मनीच्या सॅम्युएल सोमरिंगने, 1778 मध्ये. तोच आजवर चालू आहे.

त्या बोगद्यानंतर सातवीची वाट बिकट होते. कानामागच्या हाडातून जाणाऱ्या, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणावळणाच्या नळीतून तिला जावे लागते, आणि नळीचा सर्वांत अरुंद भाग एक मिलिमीटरही रुंद नाही. तेवढ्यातून हजारो तंतूंचा जुडगा जातो. वाटेत ती डोळ्याच्या आसवांकडे एक शाखा पाठवते, कानातल्या एका इवल्या स्नायूला एक आणि जिभेकडे एक. कानाखाली बाहेर आली की लाळग्रंथीतून जाताना तिच्या पाच शाखा होतात. तंतूला सूज आली, तर हाडाच्या नळीत फुगायला जागा नाही. तो स्वतःच स्वतःला आवळतो. बऱ्याचदा यामागे जुना, शरीरात दबून बसलेला विषाणू असावा असे मानतात.

म्हणूनच त्या दिवसांत कुकरची शिट्टी माझ्या उजव्या कानात खिळ्यासारखी घुसे. मोठ्या आवाजाला आवर घालणारा तो इवला स्नायू संपावर होता. चहा जिभेच्या एका बाजूला चहा आणि दुसऱ्या बाजूला कोमट पाणी. गालाला हात लावला तर स्पर्श मात्र पुरता कळे, कारण स्पर्श पाचवीकडे.

पाचवी आणि सातवीतला हा भेद आज सोपा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रोग्यांची सातवीच शस्त्रवैद्य कापून टाकत. कळ तशीच राही आणि वर चेहरा लुळा पडे. एडिंबरोचा चार्ल्स बेल याने 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या तंतूंवर निबंध मांडला आणि ही गुंतागुंत सुटू लागली. त्याचे सगळेच बरोबर नव्हते, पण माझ्या आजाराला नाव त्याचेच आहे, बेल्स पाल्सी. बेल उत्तम चित्रकारही होता. चित्रकारांसाठी भावमुद्रांच्या शरीररचनेवर त्याने 1806 मध्येच पुस्तक लिहिले होते. चेहऱ्याचा तंतू अशा माणसाच्या हाती लागावा, हे मला कादंबरीकार म्हणून फार योग्य वाटते.

औषध साधे, स्टेरॉइडच्या गोळ्या. पण वेळेवर. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या अभ्यासात 72 तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी, या गोळ्या घेतलेले 94 टक्क्यांहून अधिक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेले सुमारे 82 टक्के. डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर चिकटपट्टी. उघडा डोळा सुकला तर बुबुळाला जखम होते.

हे सगळे निभावले. निभावले नाही ते वेगळेच.

तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी गेली. एका शाखेत आम्ही चार वर्षे शेजारी बसलो होतो, त्यांच्या घरी मी कितीदा जेवलो होतो. भेटायला गेलो. ते बोलत होते, मी ऐकत होतो, आतून भरून आले होते. आणि समोरच्या कपाटाच्या आरशात मला दिसले की माझ्या तोंडाची डावी बाजू वर चढली आहे. शोकाच्या घरात मी हसत होतो. त्यांचा मुलगा माझ्याकडे एकटक पाहत होता. “मला आजार आहे,” असे सांगायला जावे, तर प्रसंग माझा नव्हता. मी खाली मान घालून बसलो आणि लवकर निघालो. पुढे फोन करून सांगितले. “अहो, मला माहीत होतं,” ते म्हणाले. मुलाला माहीत नव्हते, हेही त्यांनी सांगितले.

माझ्या कादंबऱ्यांत माणसांचे चेहरे पडतात, उजळतात, भुवया उंचावतात, नाके मुरडली जातात. आतले बाहेर आपोआप उमटते असे मी गृहीत धरले होते. कर्जदाराचा चेहरा वाचून मी शेरे लिहिले, त्याचाही मला अभिमान होता. त्यातल्या एखाद्याची सातवी जोडी दुखावलेली असेल, अशी शंका कधी आली नाही. चेहरा दगडासारखा म्हणून मी एकाला उर्मट ठरवल्याचे आठवते. त्याचा अर्ज मी परत पाठवला होता.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. 2021 पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. नातीने फोन समोर धरला. “आजोबा, डोळ्यांची उघडझाप करा म्हणतोय.” मी केली. माझ्या मते केली. फोन तसाच वाट पाहत राहिला. तीनदा प्रयत्न झाल्यावर ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही जिवंत आहात हे याला पटत नाहीये.” आम्ही दोघेही हसलो, मी अर्धाच. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन कागदावर सही केली. सही शाबूत होती.

डिसेंबरात उजवी भुवई किंचित हलली. दुखावलेला तंतू दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतो, पण वाढताना कधीकधी वाट चुकतो. आता चेहरा बराचसा सरळ आहे. फोटोत ओळखू येत नाही. फक्त लाळेच्या वाटेने निघालेले काही धागे आसवांच्या ग्रंथीला जाऊन मिळालेले दिसतात. त्यामुळे जेवायला बसलो की उजव्या डोळ्यातून पाणी येते. वैद्यकात याला मगरीचे अश्रू म्हणतात. पिठलं-भाकरीला कमी येतात, कैरीच्या लोणच्याला जास्त.

पाहुणे असले की घाबरतात. पत्नी त्यांना सांगते, “काही नाही, आवडलंय त्यांना,” आणि माझ्या पानात आणखी वाढते.