बिग बँग न पटलेले डॉ. जयंत नारळीकर नेमकं काय म्हणत होते?

'बिग बँगला आव्हान देणारे मराठी शास्त्रज्ञ' ही डॉ. जयंत नारळीकरांची सोशल मीडियावरची ओळख. पण आव्हान म्हणजे काय, आणि ते टिकलं का?

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण बनारसला आणि मग केंब्रिजला. तिथे गुरू भेटले फ्रेड हॉयल. हॉयल म्हणत, विश्वाला सुरुवातच नाही. ते प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून विश्व कायम सारखंच दिसतं. हाच स्थिर स्थिती सिद्धांत. १९६४ मध्ये या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी नारळीकरांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा वय होतं अवघं २६!

गंमत अशी, की त्याच १९६५ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे संकेत सापडल्याचं जाहीर झालं. बहुतेकांच्या मते ही महास्फोटाची उरलेली ऊब होती. स्थिर स्थिती सिद्धांत मागे पडला. १९९३ मध्ये हॉयल, बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारित रूप मांडलं: एका महास्फोटाऐवजी लहान लहान अनेक स्फोट. तेही बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारलं नाही. तरी नारळीकर शेवटपर्यंत पुरावे मागत राहिले.

हीच सवय त्यांनी घरोघरच्या पत्रिकेलाही लावली. २००८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास जमलं असतं.

१९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी केली, ती देशभरातल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांसाठी. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं.

मुलं सही मागायची, तर ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्यामुळे वैजापूरच्या मुलालाही पुणं गाठावं लागत नव्हतं, एक पोस्टकार्ड पुरत होतं. आणि हो, एक प्रश्न.