पहिली पसंती जरा जपून!

मैत्रिणींनो, २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. एक ते दहा कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची. आमच्या महिला मंडळात मुली फॉर्म भरायला येतात. कुठलं टाकायचं, विचारलं की उत्तर ठरलेलं, "मैत्रिणीने टाकलंय तेच." कॉलेज पाहिलेलंच नसतं!

नियम मात्र कडक आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. एका मुलीला असंच नावाजलेलं कॉलेज लागलं, पण तिच्या गावाहून सकाळची एसटीच नाही. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत. पण गाडीच नसेल तर पास काय कामाचा? "राहू दे शिक्षण," वडील म्हणाले. शेवटी मावशीकडे सोय लागली, म्हणून निभावलं.

तेव्हा फॉर्मआधी लेकीला घेऊन कॉलेजात जाऊन या. तास नियमित होतात का, तिथल्या मुलींनाच विचारा. प्रयोगशाळा, स्वच्छतागृह डोळ्यांनी बघा. फी विचारायला लाजू नका. आणि पहिला नंबर कुणाला, ते लेकीला ठरवू द्या. दोन वर्षं तिलाच काढायचीत ना!