आधी उतरायचं, मग चढायचं (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात उडी मारल्यावर जमिनीवर कसं यायचं ते आपण पाहिलं: चवड्यांवर, गुडघे वाकवून, आणि गुडघे आत वळू न देता. ते अंगवळणी पडलं असेल तरच आजचा धडा घ्या, कारण आज एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढायचं आहे.

चीअरलीडिंग म्हटलं की आपल्याला 2008 पासूनची आयपीएल आठवते, सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली आठवतात. खेळ म्हणून तो त्याहून पुष्कळ मोठा आहे. 1898 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथून त्याची सुरुवात मानतात. पुढे त्यात कोलांट्या आल्या, मनोरे आले. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली.

मनोरे मात्र आपल्याला कोणी परदेशातून आणून द्यायला नकोत. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची, आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. आपल्याकडेही 26 जानेवारी जवळ आली की शाळांच्या पटांगणांत संगीत कवायत, लेझीम आणि शेवटी मनोरा असा बेत ठरतो. चीअरलीडिंगची रचनाही आठ आकड्यांवरच बसवतात, म्हणून कवायत केलेल्या मुलीला तिचा ताल लवकर सापडतो.

फरक पडतो तो माणसं वाटून देण्यात. चीअरलीडिंगच्या जोडणीत कामं तीन: खाली पेलणारे, वर चढणारी आणि झेलणारे. आपल्या शाळांत पहिली दोन नेमली जातात. तिसऱ्या कामाला बहुतेक ठिकाणी माणूसच नसतो, आणि माझा सगळा आग्रह त्याच माणसासाठी आहे. झेलणाऱ्याने मनोऱ्याला खेटून उभं राहायचं, हात वर आणि मोकळे ठेवायचे, नजर वर चढलेल्या मुलीवरून क्षणभरही हलवायची नाही. ती घसरली तर तिचं डोकं, मान आणि खांदे आधी धरायचे. हात-पाय मोडला तर सांधता येतो. मानेचं तसं नाही. झेलणारा चपळ आणि ताकदीचा हवा. कवायतीत न बसलेल्या मुलाला उगाच तिथे उभं करू नका.

पेलणाऱ्याने वजन मांड्यांनी उचलायचं. बैठक मारताना पाठ जशी सरळ ठेवतो तशीच इथेही. कमरेतून वाकून उचललं की कंबर धरलीच म्हणून समजा. ओणव्या मुलांचा मनोरा असेल तर वरच्याचे गुडघे खालच्याच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर रुंद भाग असतो तिथे टेकवायचे आणि हात खांद्यांवर. पाठीच्या मधोमध काहीही ठेवायचं नाही. चढण्याआधी उतरण्याचा सराव करा. ज्या क्रमाने चढलो त्याच्या उलट क्रमाने, आकडे मोजत, एकेक जण खाली. टाळ्या पडल्या की मनोरा एकदम मोडून उड्या मारायची आपली सवय घातक आहे.

सर्वात वर कोण? नेहमी सर्वात लहान पोर. दहीहंडीत या जागेला एक्का म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये 18 वर्षांखालील गोविंदांना मनाई करून हंडीची उंची 20 फुटांपुरती मर्यादित केली होती. 2017 मध्ये उंचीची अट राहिली नाही, पण 14 वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवायचं नाही हे राज्य सरकारला मान्य करावं लागलं. मग शाळेतल्या सातवीच्या मुलीला तिसऱ्या थरावर का चढवतो आपण? प्राथमिक शाळेत मनोरा दोन थरांवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात निसरडी होते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक. शाळेपुढचं फरसबंद अंगण तर त्याहून वाईट. गादी नसेल तर कुस्तीच्या आखाड्यात जा. तिथली उकरून भुसभुशीत केलेली माती पडणाऱ्याला सांभाळते. अंगावर बांगड्या, साखळी, कानातलं काही नको. नखं कापलेली, केस बांधलेले. एप्रिल-मेमधल्या शिबिरात सराव सकाळी लवकर आटपा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी यांतलं काही जाणवलं की त्या मुलाला सावलीत आणून अंग ओलं करा. बोलणं असंबद्ध वाटलं तर तो उष्माघात समजून दवाखाना गाठा.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका, तो कितीही बरा दिसो. मान दुखते म्हणाला किंवा हाता-पायाला मुंग्या आल्या म्हणाला तर उचलू नका, बसवू नका, पाणीही पाजू नका. डोकं आहे तसं स्थिर धरा आणि 108 ला फोन करा.

तुमच्या मुलांच्या शाळेत यंदा मनोरा बसत असेल, तर सरावाला एक दिवस स्वतः जा आणि सरांना एवढंच विचारा: झेलायला कोण आहे?