तिकीट कोण ठरवणार, भावा?

मुंबईची पहिली मेट्रो सरकार आणि खासगी कंपनी यांनी मिळून उभी केली. गाडी झकास पळते, पण तिकिटाचं भांडण थेट हायकोर्टात गेलं. उद्या आपल्याकडे कोल्हापूर-सांगली लोकल आलीच, तर करारात आधी काय वाचायचं?

रविवारी रात्री कोल्हापूर स्टेशनवरचा सीन ठरलेला. पाठीवर लॅपटॉपची सॅक, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात आईनं दिलेली पिशवी. पिशवीत कांदा-लसूण चटणीची बरणी असणारच! महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटते, सकाळी मुंबई येते, आणि मग लोकलनं घाटकोपर गाठून आपला भाऊ किंवा ताई जिना चढून मेट्रोत शिरते. एसी डबा, आपोआप उघडणारी दारं. वर्सोव्यापर्यंत 11.4 किलोमीटर, 12 स्टेशनं, वीस-बावीस मिनिटांत खेळ खल्लास. तेवढ्या वेळात खाली अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षात बसलेला माणूस साकीनाक्याच्या सिग्नललाच असतो.

सुट्टीला घरी आल्यावर हीच मंडळी म्हणतात, 'आपल्याकडं का नाही असलं काही?' प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. ही गाडी नेमकी कुणाची?

पार्टनरशिपचा फंडा

मुंबई मेट्रो वन हा राज्यातला मेट्रोचा पहिला पीपीपी प्रयोग, म्हणजे सरकार आणि खासगी कंपनीची भागीदारी. करार झाला 2007 मध्ये. रिलायन्स इन्फ्राकडे 69 टक्के, एमएमआरडीएकडे 26 टक्के आणि फ्रान्सच्या व्हिओलियाकडे 5 टक्के वाटा. मुदत 35 वर्षं. कंपनीनं पैसा उभा करायचा, मार्ग बांधायचा, गाड्या चालवायच्या, तिकिटातून वसुली करायची आणि मुदत संपल्यावर सगळं सरकारला परत द्यायचं. तिकिटाच्या पैशांत हिशेब बसत नाही म्हणून केंद्र आणि राज्य सरकारनं मिळून 650 कोटींचं अनुदानही कबूल केलं होतं.

कागदावर एकदम मस्त! पण 8 जून 2014 ला गाडी सुरू व्हायच्या आधीच वाजलं. करारातल्या सूत्रानुसार भाडं 9, 11 आणि 13 रुपये असायला हवं होतं. कंपनी म्हणाली, 10 ते 40 रुपये घेणार. प्रकल्पाचा खर्च धरला होता 2,356 कोटी, तो वाढून 4,321 कोटींवर गेला, हे कंपनीचं म्हणणं. जागा वेळेवर मिळाली नाही, परवानग्या रखडल्या, मग वाढलेला खर्च आम्ही का सोसायचा? एमएमआरडीए म्हणाली, सही केलीय ना, मग करार पाळा.

गंमत पुढेच आहे. हा प्रकल्प हाती घेतला तेव्हा तो ट्रामसाठीच्या 1886 च्या कायद्याखाली होता. नंतर त्याला केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला, आणि त्या कायद्यात सुरुवातीचं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला आहे. म्हणजे करार एक सांगतो आणि कायदा दुसरंच! 2015 मध्ये 10 ते 40 रुपये लागू झाले. त्याच वर्षी भाडेनिश्चिती समितीनं 110 रुपयांपर्यंत मुभा दिली, ती शिफारस हायकोर्टानं 2017 मध्ये रद्द केली. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खासगी वाटा सुमारे 4,000 कोटींना विकत घ्यायचं ठरवलं आणि काही महिन्यांतच तो बेत सोडून दिला.

या सगळ्या काळात गाडी मात्र वेळेवर पळत होती आणि खचाखच भरत होती. हे विसरून चालणार नाही. प्रवासी भरपूर होते, गाडी चालवणंही कंपनीला जमत होतं. अडलं ते कागदावर.

हे आपण पाहिलंय की!

कोल्हापूरकराला पीपीपी शिकवायला लागत नाही. आपण तिला टोल म्हणून ओळखतो. शहरातल्या रस्त्यांसाठी 2008 मध्ये महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीचा करार झाला. खर्च 220 कोटींच्या घरात, वसुली 30 वर्षं. शहरात शिरायला पैसे मोजायचे, हे लोकांना कळलं तेव्हा सह्या कधीच झाल्या होत्या. मग काय झालं ते सांगायला नको. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी रस्त्यावर उतरली. 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले, आणि डिसेंबर 2015 मध्ये सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. नाद खुळा!

पण जिंकल्यावरही हिशेब उरतोच. कंपनीचे पैसे भागवायची जबाबदारी सरकारवर आली. म्हणजे नाक्यावरचा टोल गेला, तरी बिल फिरून तुमच्या-माझ्या करांतूनच गेलं. आधी करार वाचला असता, तर हा द्राविडी प्राणायाम वाचला असता.

1891 ची डील

आता थोडं मागे जाऊ. ज्या स्टेशनवरून महालक्ष्मी सुटते, त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे. मिरज ते कोल्हापूर या रेल्वेच्या कामाचा आरंभ 1888 मध्ये झाला तेव्हा महाराजांना चौदावं वर्ष सुरू होतं. 1891 मध्ये गाडी धावू लागली. या लोहमार्गाची मालकी होती कोल्हापूर संस्थानाची. गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी.

काळ वेगळा, कायदे वेगळे. तरी यात एक साधी गोष्ट दिसते. ज्याला गाडी चालवायचं कसब आहे त्यानं चालवावी, पण मार्ग ज्याच्या जिवावर उभा आहे त्याचाच राहावा.

आज लंडनमध्ये बरंचसं असंच चालतं. तिथल्या एलिझाबेथ लाइनच्या गाड्या खासगी कंपनी चालवते. 2025 मध्ये तिथली कंपनीही बदलली. पण भाडं ठरवते ती सार्वजनिक संस्था, ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. कंपनीला मेहनताना मिळतो, आणि गाड्या वेळेवर चालवल्या की नाही हे मोजलं जातं. कंपनी बदलली म्हणून तिकीट बदलत नाही.

आपल्याकडे मात्र बांधकाम, कर्ज, प्रवासी कमी आल्यास होणारा तोटा, सगळं एकाच कंपनीच्या डोक्यावर देण्याकडे कल राहिला. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोतून खासगी कंपनी 2013 मध्ये बाहेर पडली, आणि हजारो कोटींच्या भरपाईचा वाद 2024 पर्यंत सुप्रीम कोर्टात चालला. गुडगावची रॅपिड मेट्रो 2019 मध्ये दिल्ली मेट्रोकडे गेली. हैदराबादची मेट्रो राज्य सरकारनं ताब्यात घ्यायचं 2025 मध्ये ठरलं. पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर हा 23 किलोमीटरचा मार्ग टाटा आणि सीमेन्सच्या कंपनीकडे 35 वर्षांसाठी दिलाय. मार्च 2025 ची मुदत तर उलटून गेली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या कोल्हापूरकरांनी, त्यातलं भाड्याचं कलम आपल्यालाच लागू होणार आहे बरं का!

आपल्या लोकलचं काय?

कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज. जेमतेम 48 किलोमीटरचा पट्टा. कॉलेज, हॉस्पिटल, एमआयडीसी, कोर्ट... रोज अप-डाऊन करणारे हजारो. लोकलसारख्या सतत गाड्या हव्यात ही मागणी जुनीच आहे. अडचणही उघड आहे. मार्ग एकेरी, त्यामुळे समोरून गाडी आली की आपण थांबायचं. दुसरा मार्ग टाकायला पैसा लागणार, आणि पैसा म्हटलं की कुणीतरी 'पार्टनरशिप' हा शब्द काढणारच.

काढू दे. पार्टनरशिप वाईट नसते. पार्टनर चांगला आहे का हे बघायलाच हवं, पण त्याआधी करार चांगला हवा. नवा फ्लॅट घेताना आपण बिल्डरचं ॲग्रीमेंट वकिलाला दाखवतो. तो करार एका घराचा. हा अख्ख्या जिल्ह्याचा, आणि तोही 30-35 वर्षांचा! टोलच्या वेळी आपण सह्या झाल्यावर जागे झालो. या वेळी आधी जागं राहू.

सही होण्याआधी विचारा

• भाडं कोण ठरवणार? दरवाढीचं सूत्र करारात आहे, की कायदा त्याला ओलांडू शकतो?
• प्रवासी कमी आले तर तोटा कुणाचा? जास्त आले तर नफ्यात वाटा कुणाला?
• जागा द्यायला उशीर झाला तर वाढीव खर्च कोण भरणार?
• पासचं काय? केएमटीच्या बसला आणि गाडीला एकच कार्ड चालणार का?
• कंपनी मध्येच निघून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी कोण सोडणार?
• आणि सगळ्यात महत्त्वाचं, करार सहीच्या आधी मराठीतून लोकांसमोर ठेवणार का?

पुढच्या रविवारी प्लॅटफॉर्मवर महालक्ष्मीची वाट बघताना, चटणीची बरणी सांभाळत, एवढे सहा प्रश्न शेजारच्याला विचारून बघा. गाडी यायच्या आत चर्चा तापलेली असेल. कोल्हापूर आहे भावा, फुकटचा सल्ला आणि सडेतोड मत इथं कधीच कमी पडत नाही!